स्टेरॉइड सुरू झालं, आता उतरवायचं कसं? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

आतड्याच्या दीर्घकालीन दाहाबद्दल आलेल्या पत्रांत एक औषध पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे स्टेरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोनची गोळी. कुणी त्याला घाबरून बंद केलेलं असतं, तर कुणी बरं वाटतंय म्हणून वर्षभर चालू ठेवलेलं असतं. दोन्ही गोष्टी महागात पडतात. उत्तरांआधी आजारांची थोडी ओळख. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये फक्त मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर चढते. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधला चांगला भाग सोडून सोडून, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत दाह होतो.

प्रश्न : पत्नीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सुरू केलं होतं. पाचव्या आठवड्यात रक्त पूर्ण थांबलं, तेव्हा डोस २० होता. घरच्यांच्या सांगण्यावरून तिने गोळी एकदम बंद केली. चार दिवसांनी उलट्या, चक्कर आणि प्रचंड थकवा. हा कोलायटिसच उलटलाय का? (सांगली)

उत्तर : या पत्राला थांबवून ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून लगेच वेगळं उत्तर पाठवलं आहे. इथे इतरांसाठी सविस्तर लिहितो.

हा कोलायटिस नसावा. रक्त आणि आव नाही, पण उलट्या, चक्कर, गळून जाणं आहे, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल, शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, कमी पडतंय. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात. प्रेडनिसोलोनमध्ये मोजायचं तर ते साधारण ५ मिलिग्रॅमच्या तोडीचं. बाहेरून त्याच्या कितीतरी पट मिळू लागलं की तीनेक आठवड्यांत या ग्रंथी कामच थांबवतात. गोळी अचानक बंद केली, तर त्यांना जागं व्हायला वेळ मिळत नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू करायची. रुग्ण उठून बसला की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा गोळी उलटून पडत असेल, तर घरी थांबू नका. तातडीच्या विभागात हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं. तिथे पहिलं वाक्य ‘उलट्या होताहेत’ हे नको, ‘स्टेरॉइड अचानक बंद केलंय’ हे हवं.

आता उतरवण्याची नेहमीची पद्धत. सकाळी नाश्त्यानंतर, शक्यतो नऊच्या आत, सगळा डोस एकदम. दिवसभरात विभागून घेतल्याने गुण जास्त येत नाही आणि संध्याकाळच्या गोळीने झोप उडते. सुरुवात ४० मिलिग्रॅमने होते. याला आधार आहे : १९६२ साली लंडनमध्ये २०, ४० आणि ६० मिलिग्रॅमची तुलना झाली. ४० चा गुण २० पेक्षा जास्त आला. ६० ने फायदा वाढला नाही, त्रास मात्र वाढला. मग दर आठवड्याला ५ ने कमी : ४०, ३५, ३०, २५, २०, १५, १०, ५ आणि बंद. आठ आठवडे. काही जण पहिला डोस दोन आठवडे ठेवतात, काही २० च्या खाली अडीच-अडीचने उतरतात. ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं.

गोंधळ होतो तो पाकिटांचा. २०, १० आणि ५ च्या पट्ट्या दिसायला सारख्या असतात आणि ३५ म्हणजे तिन्हींतली एकेक. वरच्या आठ आठवड्यांना २० च्या ४२, १० च्या २८ आणि ५ च्या २८ गोळ्या लागतात. त्या एकदम आणून आठवड्यानुसार आठ पाकिटांत भरा, वर तारीख लिहा. मधल्या एखाद्या शनिवारी औषधाच्या दुकानात नेमकी हवी ती ताकद नाही, म्हणून दोन दिवस खंड पडला, असं फार वेळा होतं.

५ च्या आसपास सांधे आणि अंग दुखतं, मरगळ येते. रक्त आणि शौचाची घाई परतली नसेल, तर तो आजार नव्हे, उतरणीचा त्रास. तेव्हा घाबरून पुन्हा ४० वर जाऊ नका. उतरणीच्या काळात आणि नंतरही बरेच महिने, मोठा ताप, अपघात, दात काढणं किंवा ऑपरेशन असलं की स्टेरॉइड घेतल्याचं आधी सांगायचं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : औषधाचं नाव, डोस, कधीपासून.

प्रश्न : दोन वर्षं झाली. प्रेडनिसोलोन १० च्या खाली आणलं की पंधरा दिवसांत रक्त. पुन्हा ४०, पुन्हा उतरण. १० वरच कायम राहिलो तर काय बिघडलं? तेवढ्यावर मी व्यवस्थित कामाला जातो. (पुणे, वय ३१)

उत्तर : बरंच बिघडतं, आणि मुख्य म्हणजे त्या १० चा उपयोगही होत नाही. सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिसोनने कोलायटिसचा भडका शमतो हे २१० रुग्णांत दाखवून दिलं. पण हेच औषध कमी मात्रेत चालू ठेवून पुढचा भडका टळतो का, हे तपासलं तेव्हा उत्तर नाही असंच आलं. १९६५ च्या लंडनमधल्या चाचणीत रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन घेणाऱ्यांनाही फायदा झाला नाही. स्टेरॉइड आग विझवतं, पण घराची राखण करत नाही. म्हणून ते लिहून देतानाच त्याची शेवटची तारीख आणि त्याच्या जागी येणारं औषध, दोन्ही त्याच कागदावर हवीत. तुमच्या कागदावर दुसरी ओळ राहून गेलेली दिसते.

सुरू केल्यापासून तीन महिन्यांत १० च्या खाली येता आलं नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांत आजार परतला, तर त्याला स्टेरॉइडवर अवलंबून असणं म्हणतात. तुम्ही त्यात बसता. पण पुढचं औषध निवडण्याआधी चार गोष्टी पाहून घ्या. मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज रोखणारी नेहमीची गोळी, पूर्ण मात्रेत, म्हणजे दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम, रोज पोटात जातंय का? बरं वाटलं की सगळ्यात आधी हीच गोळी सुटते. डोकेदुखी-कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेता का? त्याने आतडं भडकतं, पॅरासिटामॉल चालतं. शौचाची क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूसाठी तपासणी झाली आहे का? आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात सायटोमेगॅलो विषाणू शोधला का? यांपैकी एखादं असेल, तर स्टेरॉइड वाढवून काहीच साधत नाही.

यातलं काही नसेल, तर पर्याय असे. अॅझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी : वजनाच्या प्रत्येक किलोला २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२० ते १५० मिलिग्रॅम. सुरुवात साधारण ५० ने. गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे तोवर स्टेरॉइड हळूहळू उतरवत राहायचं असतं. महिन्यात फरक नाही म्हणून ते सोडून देणं ही नेहमीची चूक. आपल्याकडे सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी जरूर करावी. त्यात बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घसरतात आणि असा बदल भारतीयांत विरळा नाही. तपासणी चांगली आली तरी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्ताच्या पेशी व यकृताची तपासणी. पहिल्या दोन-चार आठवड्यांत कंगव्यात केसांचे झुपके येऊ लागले, तर ते शॅम्पूचं काम समजू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी पेशी मोजून घ्या. युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगा, ही जोडी घातक ठरते.

मध्यम-तीव्र आजारात शिरेतून दिलं जाणारं इन्फ्लिक्सिमॅब (किलोला ५ मिलिग्रॅम, शून्य, दोन, सहा आणि मग दर आठ आठवड्यांनी), मुख्यतः आतड्यापुरतं काम करणारं व्हेडोलिझुमॅब, किंवा गोळीच्या रूपात टोफासिटिनिब. टोफासिटिनिबने नागीण उठण्याचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. इन्फ्लिक्सिमॅब आणि टोफासिटिनिबच्या आधी तर लपलेला क्षय शोधावाच लागतो : छातीचा एक्स-रे आणि आयजीआरए रक्ततपासणी. स्टेरॉइड चालू असताना ही रक्ततपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. ‘रिपोर्ट चांगला आला’ एवढ्यावर न थांबता घरात कुणाला क्षय झाला होता का, हेही सांगा.

आणखी एक. दोन वर्षांच्या स्टेरॉइडनंतर जांघेत दुखू लागलं, मांडी घालून बसताना कळ आली, तर ते कंबरेचं दुखणं म्हणून मलम चोळत बसू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू लागल्याची ती खूण असू शकते आणि सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआय लागतो. हाडांची घनता मोजून घ्या. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि किमान ८०० युनिट ड जीवनसत्त्व हवं. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. भडका शमलेला असताना नाचणीची भाकरी आणि पचत असेल तर दही यांनी भार हलका होईल, पण बहुतेकांना गोळी लागतेच.

प्रश्न : भावाच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण आहेत. एक डॉक्टर क्षय म्हणतात, दुसरे क्रोन्स म्हणून स्टेरॉइड सुरू करू म्हणतात. कोणाचं ऐकायचं? (मालेगाव)

उत्तर : स्टेरॉइडची घाई करू नका. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं, ती जागा दोन्ही आजारांची आवडती. क्षयाला क्रोन्स समजून नुसतं स्टेरॉइड दिलं, तर दोन आठवडे माणूस टवटवीत दिसतो आणि आत जंतू मोकाट पसरतात. संध्याकाळचा ताप, पोटात पाणी, छातीत डाग, आतड्यात आडवे व्रण हे क्षयाकडे झुकतं. वर्षानुवर्षांचा त्रास, गुदद्वाराजवळ भगंदर, उभे लांब व्रण हे क्रोन्सकडे. दुर्बिणीत व्रणांच्या कडांचे आठ-दहा तुकडे घ्यावेत. काही फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, काही सलाइनमध्ये जीनएक्सपर्ट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहायला). सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये गेले की त्यातून जंतू वाढवता येत नाहीत आणि दुर्बीण पुन्हा करावी लागते. हे तपासणीच्या आधीच विचारून ठेवा. जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह आलं तर क्षय. निगेटिव्ह आलं तरी क्षय नाही असं म्हणता येत नाही.

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर क्षयाची औषधं सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. इथे बरं वाटणं हा पुरावा नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांवर थोडं बरं वाटतं. व्रण भरले का, हे डोळ्यांनी पाहायचं. भरले नसतील, तर ‘अजून चार महिने पाहू’ म्हणत राहिल्याने क्रोन्सचं आतडं अरुंद होत जातं. या दोन महिन्यांत सोबत स्टेरॉइड दिलं, तर कशाने गुण आला हे कळायची सोय उरत नाही. शिवाय क्षयावरचं रिफाम्पिसिन प्रेडनिसोलोनचा परिणाम जवळपास निम्म्यावर आणतं.

क्रोन्स निश्चित झालं आणि आजार सौम्य-मध्यम, त्याच भागापुरता असेल, तर प्रेडनिसोलोनऐवजी तिथेच सुटणाऱ्या ब्युडेसोनाइड कॅप्सूलचा विचार करायला सांगा. सकाळी ९ मिलिग्रॅम, आठ आठवडे, मग ६ आणि ३. आतड्यातून शोषलेलं बहुतेक औषध, सुमारे ९० टक्के, यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं, म्हणून चेहरा सुजणं, साखर वाढणं कमी. कॅप्सूल चावायची नाही. इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी यकृताचं हे काम अडतं आणि ‘सौम्य’ स्टेरॉइड सौम्य राहत नाही. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल आपल्याकडे सर्रास दिलं जातं, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनाही ब्युडेसोनाइडचं सांगा. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठीची ब्युडेसोनाइडची गोळी वेगळी असते आणि ती मोठ्या आतड्यात सुटते. नाव एकच म्हणून एकीऐवजी दुसरी चालत नाही.

प्रश्न : गुदाशयापुरताच कोलायटिस आहे. एनिमा दिलाय, पण पाच मिनिटांतच बाहेर येतो. त्यापेक्षा गोळी बरी नाही का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. सूज खालीच असेल, तर खालून दिलेलं औषध गोळीहून सरस. आणि गुदाशयापुरत्या आजारात पहिला मान स्टेरॉइडचा नाही, मेसालामाइनच्या १ ग्रॅमच्या, गुदद्वारातून आत ठेवायच्या वडीचा, रात्री एक. तिने भागलं नाही तर स्टेरॉइडचा फेस किंवा एनिमा. वडी गुदाशयापर्यंत पोचते, फेस त्याच्या थोडा वर, एनिमा डाव्या बाजूच्या वळणापर्यंत. तुमचा आजार कुठवर आहे, त्यावर निवड. फक्त गुदाशयात असेल, तर एनिमाच का दिला हे विचारा.

एनिमा टिकत नाही, त्याची कारणं बहुधा साधी असतात. बाटली थंड असते. थंड द्रव आत गेला की सुजलेला गुदाशय आवळतो. झोपण्याआधी शौचाला जाऊन या, बाटली दहा मिनिटं कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, हलवा. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्या. टोकाला वंगण लावून ते बेंबीच्या दिशेने आत सरकवा. बाटली सावकाश, दोनेक मिनिटं घेत दाबा. लोक घाईने वीस सेकंदांत रिकामी करतात आणि लगेच वेग येतो. बाहेर काढताना बाटली दाबलेलीच राहू द्या, सैल सोडली तर औषध परत आत ओढलं जातं. मग अर्धा तास तसेच पडून राहा. पहिले तीन-चार दिवस निम्माच द्रव द्या, सूज उतरली की पूर्ण टिकू लागतो. तेवढंही जमलं नाही तर फेस घ्या, त्याचं प्रमाण थोडं असतं. मेसालामाइनचे डाग चादरीवरून जात नाहीत, खाली जुना टॉवेल हवा. द्रव गडद तपकिरी झाला असेल तर बाटली टाकून द्या.

प्रश्न : मधुमेह नाही. स्टेरॉइड चालू असताना सकाळची उपाशीपोटीची साखर ९५ आली. म्हणजे काळजी नाही ना? (लातूर)

उत्तर : चुकीच्या वेळी मोजली आहे. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारनंतर साखर चढवतं आणि पहाटेपर्यंत ती उतरलेली असते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. २०० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना कळवा. मधुमेहाची औषधं आधीपासून घेणाऱ्यांनी डोस उतरताना जास्त सावध राहावं : स्टेरॉइड कमी झालं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर साखर खाली कोसळते. पापड, लोणचं, फरसाण या काळात बाजूला ठेवा, मिठाने सूज आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

प्रश्न : वायसोलोन ५ मिळाली नाही म्हणून दुकानदाराने मेड्रॉल ४ दिली. कमी पडेल का? (ठाणे)

उत्तर : नाही. प्रेडनिसोलोन (वायसोलोन) ५, मिथाइलप्रेडनिसोलोन (मेड्रॉल) ४, डेफ्लाझाकॉर्ट ६ आणि हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम हे सारख्या ताकदीचे. पण आकडे वेगळे असल्याने उतरणीचं गणित बिघडतं. बदल परस्पर नको, डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : बहीण तीव्र कोलायटिसने रुग्णालयात आहे. दिवसात दहा वेळा रक्त. इंजेक्शनचा तिसरा दिवस, आणि डॉक्टर आत्ताच ऑपरेशनची भाषा करताहेत. आणखी आठवडाभर वाट पाहू नये का? रक्त जात असताना रक्त पातळ करण्याचं इंजेक्शनही देताहेत! (नागपूर)

उत्तर : दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताचे शौच आणि सोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर, यांतलं एक जरी असलं तरी तो तीव्र भडका. त्यावर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. तिसऱ्या दिवशी हिशोब होतो : आठाहून जास्त शौच, किंवा तीन ते आठ शौच आणि सीआरपी (दाहाचीच आणखी एक रक्ततपासणी) ४५ च्या वर, तर नुसत्या स्टेरॉइडवर आतडं वाचण्याची शक्यता फार कमी. ऑक्सफर्डमध्ये १९९६ साली हे निकष मांडले तेव्हा अशा रुग्णांतल्या ८५ टक्क्यांचं त्याच मुक्कामात ऑपरेशन करावं लागलं होतं. म्हणून त्या दिवशी इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन यांचा निर्णय घेतात आणि शल्यविशारदांना आधीच दाखवून ठेवतात. त्यांना बोलावलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही. मात्र आठवडाभर वाट पाहून, अशक्त शरीरावर किंवा आतडं फुटल्यावर केलेलं ऑपरेशन कितीतरी जास्त जोखमीचं असतं.

या आजारात पायाच्या आणि फुप्फुसाच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका मोठा, म्हणून हेपॅरिनचा छोटा डोस. त्याने कोलायटिसचं रक्त वाढत नाही. तुम्ही पाहायचं ते हे : रोज पोटाचा एक्स-रे, पोटॅशियम, आणि शौचाची नोंद. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या घरून आणून देऊ नका. आतडं फुगून फुटण्याची भीती असते. अमिबा आणि क्लॉस्ट्रिडियमची तपासणी झाली का, तेवढं विचारा. अमिबाच्या व्रणांवर स्टेरॉइड पडलं तर आतडं झपाट्याने बिघडतं.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, क्रोन्स. स्टेरॉइडने उंची खुंटेल का? (नांदेड)

उत्तर : वारंवार दिलं तर हो, आणि न शमलेला आजारही उंची खातो. मुलांत पहिला पर्याय म्हणून डॉक्टरांना संपूर्ण द्रव आहाराबद्दल विचारा. सहा ते आठ आठवडे फक्त ठरावीक वैद्यकीय पेय आणि पाणी, बाकी काही नाही. भडका शमवण्यात तो स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो आणि वाढीला हातभार लावतो. पहिला आठवडा सगळ्यात कठीण. घरात फोडणीचा वास आला की मूल रडतं. पेय थंड करून, झाकणाच्या पेल्यात नळीने दिलं की सोपं जातं. ‘एक घास काय होतोय’ हे आजीने म्हणू नये, एवढं तिला प्रेमाने समजावून सांगा.

प्रश्न : तिसरा महिना आहे, प्रेडनिसोलोन २० चालू आहे. बाळाला त्रास होईल म्हणून बंद करू? (पणजी)

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. बाळाला जास्त धोका भडकलेल्या आजाराचा. गर्भाची वार (नाळेची गादी) प्रेडनिसोलोनचा बहुतेक भाग निष्प्रभ करते, बाळापर्यंत दहाव्या हिश्शाच्या आसपास पोचतं. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचं तसं नाही, म्हणून अदलाबदल नको. गरोदरपणात साखर आणि रक्तदाब जास्त वेळा तपासा. अॅझाथायोप्रिन चालू असेल तर तेही सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट मात्र पूर्ण वर्ज्य. बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर शिरेतून जादा स्टेरॉइड लागू शकतं, हे प्रसूतीच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून घ्या.